२३ लागतं, २२ लागत नाही

आम्ही बनवून दिलेल्या टीव्हीच्या रिमोटबद्दल काकांची तक्रार फोनवर ऐकली तेव्हा मी चक्क हसलो होतो. "२३ नंबरचं चॅनेल लागतं हो, २२ लागत नाही." मी विचारलं, दुसऱ्यांदा २ नीट दाबता ना? त्यांचा हात थरथरतो, हे रिमोट न्यायला आले तेव्हाच दिसलं होतं. माझं निदान तिथेच झालं: बोट घसरत असणार.

जुन्या टीव्हीचे आणि अँप्लिफायरचे रिमोट आता मिळत नाहीत. लोक मरायला टेकलेला रिमोट आणतात, आम्ही त्याचे कोड वाचून नव्या खोक्यात भरतो. बाजारातल्या युनिव्हर्सल रिमोटसोबत चार आकडी कोडांची एक पुस्तिका येते. तिच्यात हवा तो सेट कधीच नसतो. 'शिकणारे' रिमोट मिळतात, पण ते पोपट असतात: समोरच्याने जसं लुकलुकवलं तसं लुकलुकवायचं, अर्थ कळण्याशी संबंध नाही. म्हणून आम्ही आमचा छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी चिप, बसवतो आणि प्रत्येक बटणाचा कोड हाताने भरतो. याचा मला अभिमान होता. या प्रकरणात मीही पोपटच निघालो.

काकांचा सेट आरसी-५ बोलणारा. रिमोटने लुकलुकून टीव्हीला कोड कसा सांगायचा, याची फिलिप्सची ही पद्धत मला मनापासून आवडते. एनईसी या जपानी कंपनीची पद्धत कारकुनी आहे: सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग ४.५ची शांतता, आणि पुढे कमांड एकदा सरळ, एकदा उलटी, म्हणजे हिशोब जुळतो की नाही ते तपासता येतं. सोनीच्या पद्धतीत ठोक्याची लांबी बघायची, ०.६ म्हणजे शून्य, १.२ म्हणजे एक. आरसी-५मध्ये लांबी बघून काहीच कळत नाही. प्रत्येक बिटला १.७७८ मिलिसेकंद, आणि त्याच्या बरोबर मध्यावर प्रकाश लागतो की विझतो यावर एक की शून्य ते ठरतं. १४ बिट, जेमतेम २५ मिलिसेकंदांत काम संपलं.

पहिल्या खेपेला तक्रार वेगळी होती: रिमोट अगदी टीव्हीजवळ नेला तरच चालतो. सहकाऱ्याने नेहमीप्रमाणे "बॅटरी बदला" सांगितलं. तो टीव्ही फुटला तरी बॅटरी बदलायला सांगेल. मी पाहिलं तर सवयीने वाहक लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या आत प्रकाश ज्या वेगाने लुकलुकतो तो वेग, ३८ किलोहर्ट्झवर ठेवली होती, आरसी-५ला ३६ लागते. वाचताना हे कळत नाही, कारण आमचा रिसीव्हर वाहक लहर गाळून फक्त ठोके हातात देतो. ३६ केलं, खोलीच्या टोकावरून चालू लागलं, मी खूश. त्या खुशीतच दुसरी तक्रार मी कानाआड केली.

काका मात्र वहीत लिहून ठेवत होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा वही पुढे केली. न लागणारे चॅनेल: ११, २२, ३३, ४४. खाली एक ओळ: "म्यूट एकदा होतो, निघत नाही. मधे टेलिटेक्स्टचं बटण दाबलं की निघतो." टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणारी जुनी सेवा. त्यांच्याकडे ती येतच नाही, ते बटण मेलेलं. हे त्यांनी फोनवरही सांगितलं होतं, आणि मी ते मांजर आडवं गेल्याच्या गोष्टींत जमा केलं होतं.

ती यादी बघताना मला घाम फुटला. आरसी-५मध्ये सुरुवातीच्या दोन बिटांनंतर एक टॉगल बिट असतो. बटण दाबून धरलं की तो तसाच राहतो, सोडून पुन्हा दाबलं की पालटतो. 'धरून ठेवलंय' आणि 'परत दाबलंय' यांतला फरक टीव्हीला त्यावरून कळतो. मी तो गोठवून ठेवला होता. म्हणजे काका दुसऱ्यांदा २ दाबत, तेव्हा टीव्हीच्या लेखी पहिल्याच २वर बोट होतं. हा सेट तर शेवटचा कोड विसरतच नाही. मधे दुसरं कुठलंही बटण दाबलं तरच सुटका. मेलेल्या टेलिटेक्स्टचाही कोड जातोच की!

याहून लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कोड वाचताना मी जुन्या रिमोटवर २ अनेकदा दाबलं होतं आणि स्क्रीनवर आळीपाळीने ००२ आणि ८०२ आलं होतं. तो ८ म्हणजेच पालटणारा टॉगल बिट. पण ८०२ म्हणजे कचरा, असं ठरवून मी ते खोडलं. कारण विचारायला मी थांबलो नाही.

दुरुस्ती चार ओळींची. नवीन दाब आला की टॉगल पालटायचा, धरून ठेवलं तर ११४ मिलिसेकंदांनी तोच कोड पुन्हा पाठवायचा. २२ लागलं. म्यूट निघाला. काकांना तिथेच दाबून बघायला दिलं. त्यांनी २ दाबलं आणि २२ लागलं.

थरथरणारं बोट दाबतानाच क्षणभर उचललं जात होतं आणि माझा नवा शहाणा प्रोग्रॅम त्याला नवा दाब समजत होता. गोठलेल्या बिटने आजवर ते झाकलं होतं. मग अर्धा तास त्यांना बटणं दाबायला लावून वेळा नोंदवल्या. नकळत उचलल्याचं अंतर कधीच १०० मिलिसेकंदांच्या वर गेलं नाही, मुद्दाम दोनदा दाबल्याचं ४००च्या खाली आलं नाही. २५०पेक्षा कमी अंतर असेल तर दाब एकच, असं लिहिलं. हाताबद्दल ना ते बोलले, ना मी.

निघताना वही टेबलावर राहिली. परत द्यायला उचलली तर पहिलं पान उघडलं. आमच्याकडे येण्याआधीची नोंद होती, जुन्या रिमोटबद्दल: "बिघडला. २ दाबलं की २२ लागतं."

बिघाड काय, हे मी त्यांना पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचे बिघडलेलेच असतात. जुना रिमोट अजून माझ्या खणात आहे. काल त्याच्यावर वीस वेळा २ दाबलं. ००२, ८०२, ००२, ८०२, एकदाही चुकला नाही. काकांचा परवा फोन आला होता, जुना टाकून दिला तरी चालेल म्हणाले. मी "बरं" म्हटलं. अजून टाकलेला नाही, आणि त्यांना काही सांगितलेलंही नाही.