पंख्याची होडी आणि तिथीची पाऊणपट

मी आउटबोर्ड मशीनचं, म्हणजे होडीच्या मागे लावतात आणि ज्याचा पंखा पाण्यात फिरतो त्या इंजिनाचं, रिपेअरिंग करतो, दाभोळच्या खाडीकाठी. निम्मं काम म्हणजे पंख्यात गुंडाळलेली जाळी कापून काढायची नाहीतर गाळ ओढून चोक झालेला कूलिंगचा पंप साफ करायचा. त्यामुळे एका रिसॉर्टवाल्यांनी एअरबोट आणली, ट्रायलला ये म्हणाले, तेव्हा उड्या मारत गेलो. सपाट बुडाची फायबरची होडी, मागे पिंजऱ्यात विमानासारखा मोठा पंखा, त्याच्यामागे दोन उभी सुकाणं. पाण्याखाली काहीच नाही, मग अडकणार काय! (टेलिफोनवाल्या बेलच्या माणसांनी १९०५ साली कॅनडात असली पहिली होडी केली म्हणतात, तीही विमानाची इंजिनं, पंखे टेस्ट करायला, नाव ठेवलं अग्ली डकलिंग. दिसायला आमचीही तशीच.)

अमावस्या होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; अमावस्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि पूर्ण ओहोटी साडेपाचच्या सुमारास. आम्ही मुद्दाम तीनला निघालो, कमी पाण्यातच तर बघायचं होतं. मी आणि माझा हेल्पर, कानाला मफ लावून, कारण आवाज असला की कांदळवनातले सगळे बगळे एकदम उठले. मालदोलीच्या बाजूला वीतभर पाण्यावरून, नुसत्या ओल्या चिखलावरूनही सुळकन गेली ओ, मी तर खूश.

वळणावर समोर जाळ्याचे खुंट दिसले आणि बारा वर्षांच्या सवयीने हात थ्रॉटलवरून मागे आला. तिथेच चुकलं. सुकाणाला पंख्याचा वारा लागतो, वारा गेला की दांडा कितीही ढकला, होडी वळत नाही. ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, आउटबोर्डसारखा मशीनचा पाय पाण्यात नाही की वेग पडेल. वळायचं असेल तर उलट रेस द्यावी लागते, हे वाचलेलं होतं पण हाताला कोण सांगणार. खुंट नशिबाने चुकले, सरळ तिवरांच्या मुळांपर्यंत घसरत जाऊन थांबलो.

आणि थांबली की बसलीच. चालू असताना चिखलावरून जाते, पण सपाट बूड एकदा गाळाला चिकटलं की फुल रेस देऊनही फक्त मागची पानं झडतात. हेल्पर म्हणाला उतरून हलवतो, मी पाय घालून बघितला तर मांडीपर्यंत गेला, चप्पल तिथेच राहिली, आणि या बाजूला मगरी आहेत त्यामुळे त्याला म्हटलं बस गप.

पाणी निघून गेलं, मग बसलो डास मारत. अंधार पडल्यावर भरती चढायला लागली, आठ वाजायच्या सुमाराला होडी जरा हलली. आमचा आवाज ऐकलेले एक काका तेव्हा आपली छोटी होडी घेऊन आले, दोरी टाकली, बांबूने रेटत आम्हाला ओढून खोल पाण्यात नेलं. मी म्हटलं काका डिझेलचे पैसे सांगा.

"कसलं डिझेल रे? पण तुझ्या त्या पंख्याने दुपारपासून एक मासा जाळ्यात नाय आला, त्याचे दे."

दिले.