सहा इंच म्हणजे अर्धा फूट

"6 इंच म्हणजे 0.5 फूट. 0.6 नव्हे." अशी पिवळी चिठ्ठी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या माझ्या भाड्याच्या घरात बाथरूमच्या आरशावर दीड वर्ष चिकटवलेली होती. दात घासताना रोज वाचायचे. मराठीत लिहिलेली असल्यामुळे माझ्या रूममेटला तो कसलातरी मंत्र वाटायचा. मीही तिला तसं वाटू दिलं.

चिठ्ठीमागची गोष्ट अशी. अमेरिकेत इमारतीचे आर्किटेक्ट फूट आणि इंच वापरतात. जमिनीचे नकाशे मात्र सर्व्हेयर काढतात, आणि ते फुटाचे बारा नाही, दहा भाग करतात. त्यामुळे एकाच शीटवर भिंतीची जाडी 6 इंच आणि तिच्या पायथ्याशी जमिनीची पातळी 102.45 फूट, असा संसार चालतो. स्केलपट्ट्यासुद्धा दोन वेगळ्या. माझं काम लँडस्केपचं, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जमीन आखायचं, पण मी पुण्यात मिलिमीटरवर वाढलेली. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एका शाळेच्या आवारातला कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, रस्त्यापेक्षा 6 इंच वर घ्यायचा होता, मी पातळीत बिनधास्त 0.6 मिळवले. फरक किती, तर सव्वा इंच. पण त्या कर्बवरून व्हीलचेअर खाली उतरणार होती. सहा फुटांत सहा इंच चढलं तर उतार 12 ला 1 होतो, आणि रॅम्पला कायद्यानं तेवढीच मुभा आहे. सव्वा इंच वाढल्यावर तो झाला 10 ला 1. माझ्या सीनियरनं लाल पेन फिरवलं म्हणून प्रकरण कागदावरच मिटलं, नाहीतर झालेलं काँक्रीट फोडायला लागलं असतं.

हे आधीच सांगितलं, कारण पुण्याहून ज्युनियर मुलंमुली मला फोन करतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तिकडे बागांसाठी लायसन्स कशाला लागतं?" बाबांच्या तळजाई टेकडीवरच्या सकाळच्या कंपूतल्या काकांचाही हाच प्रश्न, फक्त ते "लायसन्स" ऐवजी "परमिट" म्हणतात, दारूच्या परमिटसारखं. तर बागांसाठी नाही लागत. झाडं कुणीही लावावीत. लायसन्स लागतं ते पाणी कुठे जाईल, भिंत पडेल का आणि माणूस घसरेल का, या तीन गोष्टींवर सही करण्यासाठी.

अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत लँडस्केप आर्किटेक्टसाठी लायसन्सचा कायदा आहे. कॅलिफोर्नियात लायसन्स नसेल तर स्वतःला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेताही येत नाही. माझ्या कार्डावर वर्षानुवर्षं "लँडस्केप डिझायनर" असंच होतं. मास्टर्सची पदवी असून. पुण्यात बी.आर्क. झाल्यावर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला वाणीसुद्धा मला "आर्किटेक्ट मॅडम" म्हणायला लागला होता, त्यामुळे हे फार लागलं. आपल्याकडे 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट "आर्किटेक्ट" या नावाला संरक्षण देतो, पण लँडस्केपवाल्यांची वेगळी सरकारी नोंदणी नाही. इसोला ही आपल्या लोकांची संस्था आहे, चांगलं काम करते, पण तिचं सभासदत्व म्हणजे लायसन्स नव्हे. एखाद्या मोठ्या प्रकल्पात ड्रेनेज कुणाच्या जबाबदारीवर, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ज्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली तिथे उत्तर तयार असायचं: "उतार साइटवर बघू."

आता परीक्षा. तिचं नाव एलएआरई, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन. सगळ्या राज्यांच्या बोर्डांची क्लार्ब नावाची एक सामाईक संस्था ती घेते. चार भाग आहेत आणि वर्षातून तीन वेळा देता येते: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. पूर्वी काही भाग हातानं ड्रॉइंग काढून द्यावे लागायचे, आता सगळं संगणकावर. पहिला भाग जागेचा अभ्यास आणि प्रकल्प व्यवस्थापन, दुसरा नियोजन आणि डिझाइन, तिसरा बांधकामाची ड्रॉइंग्ज आणि करारमदार. चौथा ग्रेडिंग (म्हणजे जमिनीच्या पातळ्या आणि उतार ठरवणं), ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याचं व्यवस्थापन. पहिल्या तीन भागांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. वाचलं, दिलं, सुटले. प्रत्येक भागाचे काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि आमचं ऑफिस फक्त पास झालेल्या भागाचे पैसे परत देतं, एवढं लक्षात ठेवा.

चौथ्यात मी ऑगस्ट 2024 ला नापास झाले.

खरं तर ग्रेडिंगशी माझं नातं आधीपासूनच बिनसलेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी मास्टर्सला आले आणि पहिल्याच सेमिस्टरला तो कोर्स होता. 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. आमचं घर अरण्येश्वरच्या बाजूला. आईचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा, कागद होता आणि पलीकडून आई सांगत होती की पार्किंगमधल्या गाड्या तरंगतायत, खालच्या मजल्यावरचे सगळे आमच्याकडे जिन्यात बसलेत. त्या रात्री शहरात माणसं गेली. आम्ही वाचलो, स्कूटर गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात सर ओढ्याच्या खोऱ्यात कंटूरचं टोक वरच्या अंगाला वळतं हे शिकवत होते आणि मला ते टोक बघवत नव्हतं. ज्या ओढ्याला बांध घालून नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीचं तळं केलं, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे, त्याच ओढ्याशेजारी मी वीस वर्षं राहिले. तो कात्रजच्या डोंगरातून येतो आणि मुठेला मिळतो एवढंच ठाऊक होतं. त्याचं पाणलोट क्षेत्र किती, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मधली वर्षं व्हिसाच्या चिंतेत गेली. तेव्हा लँडस्केपची पदवी स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, सरकारी यादीत नव्हती, त्यामुळे शिक्षणानंतर कामाला एकच वर्ष मिळायचं आणि तेवढ्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागायलाच हवी. मला पहिल्या फटक्यात लागली, यात कर्तृत्व शून्य. जुलै 2023 मध्ये लँडस्केप आर्किटेक्चर त्या यादीत आलं, त्यामुळे आता येणाऱ्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. आमच्या बॅचची मुलं हे ऐकून अजून दातओठ खातात.

नापास झाल्यावर मी दिवाळीला घरी आले. त्या पावसाळ्यात सोसायटीची गच्ची गळत होती, म्हणून दिवाळीनंतर ब्रिकबॅट कोब्याचं काम काढलेलं. आईनं मला वर पिटाळलं, "तू त्यातलीच ना, जरा लक्ष ठेव." वर मिस्त्री आणि त्यांचा पोरगा पारदर्शक नळीत पाणी भरून पॅरापेटवर खुणा करत होते. मी सवयीनं विचारलं, सगळ्यात उंच पातळी कुठे धरलीय? मिस्त्री थांबले. म्हणाले, "ताई, उंच कशाला धरायची आधी? पाणी निघणार कुठनं ते बघायचं. तिथनं मागं ढाळ घेत यायचं, उंच आपोआप सापडतं." मग त्यांनी पन्हाळीच्या तोंडापासून नळी धरली, शंभराला एक असा ढाळ मोजत मागे मागे आले आणि जिन्याच्या उंबऱ्यापाशी येऊन म्हणाले, "इथं दोन बोटं कमी पडतायत. आता एकतर उंबरा उचला, नाहीतर अजून एक पन्हाळ काढा."

मी परीक्षेत नेमकं उलटं करत होते. छान दिसणारा उंचवटा आधी धरायचा, तिथून उतार देत खाली यायचं आणि शेवटी चेंबरपाशी आकडे जुळेनात की इकडचा तिकडचा आकडा खेचायचा. डिझायनरची खोड, दुसरं काय. उत्तर जुळलेलं दिसायचं, पण मध्ये कुठेतरी फुटपाथचा आडवा उतार दोन टक्क्यांच्या वर गेलेला असायचा. ज्या पातळ्या बदलताच येत नाहीत त्या आधी लिहायच्या: बाहेर जाण्याचं तोंड, दाराची फरशी, जपायच्या झाडाचं बूड. उरलेली जमीन त्यांच्यात बसवायची. हे मला अमेरिकेतल्या महागड्या पदवीनं शिकवलं असणारच, पण समजलं ते गच्चीवर.

उरलेली सुट्टी मी रोज सकाळी तळजाईवर काढली. पाणी मुरावं म्हणून टेकडीवर खणलेले समपातळी चर म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष काढलेला कंटूरच. मातीचा ढीग नेहमी उताराच्या बाजूला. एका चरावर बसून खालच्या घरांच्या दाटीतून आंबिल ओढा कुठून जात असेल याचा अंदाज वहीत काढायचे आणि घरी येऊन उपग्रहाच्या नकाशाशी ताडून बघायचे. पहिल्या दिवशी ओढा सरळ चढावर चढवला होता. आठवडाभरानं जमायला लागलं.

पावसाच्या पाण्याचं गणितही तेव्हाच पचलं. अमेरिकेत साधं सूत्र वापरतात: जमिनीचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो), पावसाची तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार. क्षेत्र एकरात आणि तीव्रता तासाला इंचात घेतली की उत्तर थेट सेकंदाला घनफुटांत येतं, जवळपास बिनचूक. इंच-फुटांच्या त्या भयंकर राज्यात हा एवढाच एक सुखद योगायोग. डांबराचा गुणांक 0.9 च्या आसपास, हिरवळीचा त्याच्या कितीतरी खाली. मातीच्या अंगणाला पेव्हर ब्लॉक लावले की पावसात एक थेंबही वाढलेला नसताना ओढ्यात पाणी किती वाढतं, हे एका ओळीत दिसतं.

एप्रिल 2025 ला चौथा भाग सुटला. पण कॅलिफोर्नियाला तेवढं पुरत नाही. शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षं दाखवायची आणि राज्याची स्वतःची वेगळी परीक्षा द्यायची. तिच्यात तिथले कायदे, वणवा, पाणीटंचाई. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडाठाक, आपल्या बरोब्बर उलट. 2015 पासून 500 चौरस फुटांच्या नव्या बागेलाही पाणी जपून वापरण्याचे नियम लागतात. तिथल्या देशी ओकला उन्हाळ्यात प्रेमानं पाणी घातलं तर तो मुळं कुजून मरतो. उन्हाळ्यात तुळशीला दोनदा पाणी घालणाऱ्या माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.

लायसन्सचा शिक्का आला तेव्हा पहिली शीट निघाली ती एका छोट्या बागेच्या ड्रेनेजची. एरवी मी शीट दोनदा तपासायचे. ती पाचदा तपासली, कारण आता माझ्यावर लाल पेन फिरवणारं कुणी नव्हतं.

यंदा जानेवारीत घरी आले तर सोसायटीनं पार्किंगला नवे पेव्हर ब्लॉक लावलेले. चेअरमन काका कागद घेऊन आले. "तुझं लायसन्स झालं म्हणे. कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल द्यायचंय, काम ठीक आहे अशी एक सही करून दे."

"काका, माझं लायसन्स कॅलिफोर्नियापुरतं आहे. इथे माझ्या सहीला काही किंमत नाही."

"असू दे गं, वजन पडतं."

मी वॉचमनकाकांकडून बादली मागून घेतली आणि गेटपाशी ओतली. पाणी दोन क्षण घुटमळलं, मग कोपऱ्यातल्या जाळीकडे पाठ करून शांतपणे लिफ्टच्या दिशेनं निघालं.

काकांनी कागदाची घडी घातली. "सही राहू दे," ते म्हणाले, "अजून एक बादली आण, व्हिडिओ काढतो."