पुणे ते दापोली: उचललेली जिप्सी, मागचा शाफ्ट आणि चार अंशांची पाचर

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे पाचला पुणे सोडलं. मी, मेहुणा आणि माझी जिप्सी किंग. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेसवी आणि मग केळशी-आंजर्ले करत दापोली असा बेत. या रस्त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते गाडीच्या थरथरीबद्दल. गाडी उचलून (म्हणजे तिची उंची वाढवून) घेणाऱ्या बहुतेकांना ती कधी ना कधी भेटते, आणि मोजमाप न करता पार्ट बदलण्यात पैसे जातात. माझे गेले.

सामान भरलं की मागची बाजू बसायची, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक गाडीला टांगणाऱ्या कड्या, तीन इंचांनी लांब करून घेतल्या होत्या. पाट्याचं एकच टोक खाली येतं, त्यामुळे मधोमध बांधलेल्या ॲक्सलपाशी गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे दीड इंच उचलली जाते. त्या दिवसापासून ५५ ते ६५ च्या दरम्यान बुडाखालून गुणगुण सुरू झाली. आरशात मागची गाडी पुसट दिसायची. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं, ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीची) फाउंडेशन रबरं नवी टाकली. काडीचाही फरक नाही.

ताम्हिणी उतरताना गाडी एकदम गप्प. मला वाटलं, रबरं बसली असतील. माणगावच्या पुढे सपाटी लागली, साठ गाठले आणि पुन्हा तेच. मेहुणा म्हणाला, "दाजी, एक्सलरेटरवरून पाय काढा बघू." काढला, गुणगुण विरली. दिला, परत आली. पुढचं सगळं निदान या एका गोष्टीतून सुटत गेलं.

मोकळा रस्ता बघून साठवरच चौथा आणि पाचवा गिअर टाकून पाहिला. इंजिनाचे फेरे बदलले, पण गुणगुण तीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये नाही, गाडीच्या वेगाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे. मग चाक की शाफ्ट? साठच्या वेगाला २३५/७५ आर १५ टायर सेकंदाला साधारण सात फेरे घेतो. टायरचा दोष असेल तर ते हादरे जवळजवळ मोजता येतात. प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) त्याच्या जवळपास चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस-तीस फेरे. शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर फेऱ्याला एक झटका बसतो. क्रॉसचे (शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या वाकत्या सांध्यांचे) कोन जुळत नसतील तर फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला साठच्या आसपास. ते हादरे राहत नाहीत, बूड भरून राहणारी गुणगुण होते. माझी तीच होती.

श्रीवर्धनला जिथे उतरलो तिथलं अंगण फरसबंद आणि सपाट होतं. जेवण झाल्यावर चाकांना दगड लावून गाडीखाली शिरलो. हे जरूर करा, कारण मागचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चकतीवर) रंगाने खूण केली, दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट काढले आणि शाफ्ट बाजूला ठेवला. जिप्सीच्या शाफ्टला दोन्हीकडे फ्लँज असल्यामुळे तेलाचा थेंब सांडत नाही. पुढचे हब लॉक केले, फोर-हाय टाकला (म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर जोडला) आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी साठला नेली. गाडी शांत! दोष मागच्या शाफ्टच्या रेषेत आहे हे पक्कं झालं.

क्रॉसचं गणित असं आहे. वाकलेल्या कोनात फिरणारा एक क्रॉस त्याला जोडलेला शाफ्ट एकसारखा फिरवत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत असतील, तर तो ही लय उलटी फेडून टाकतो. (शाफ्ट काढलाच आहे तर ही रेषाही बघा. स्लाइडिंग जॉइंट (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सांधा) उघडून बसवताना एखादा दातरा चुकला तरी अशीच गुणगुण येते.) माझे योक बरोबर होते. शाफ्ट परत जोडला, गाडी चाकांवर उभी, सामान आत. जॅकवर मोजलेले कोन खोटे निघतात. मोबाइलच्या कोनमापकावर ट्रान्सफर केसचा उतार २ अंश, शाफ्टचा १२, पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्ट जोडला जातो तो दांडा) साडेसहा. पुढच्या क्रॉसला १० अंशांचा कोन आणि मागच्याला फक्त साडेपाच. फरक एका अंशाच्या आत हवा, इथे साडेचार होता.

लांब शॅकलने पाट्याचं मागचं टोक खाली नेलं आणि पिनियनचं नाक वर केलं. जोर दिला की पाटे पिळतात आणि नाक आणखी वर जातं. म्हणून घाट उतरताना गाडी गप्प होती.

सकाळी गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाचरी करून घेतल्या. लांबी १०० मिमी, एका कडेला ८ आणि दुसऱ्या कडेला १, म्हणजे चार अंश. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, त्यामुळे नाक खाली आणायला जाड कड मागे लागते. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड कड पुढे. इथे चूक झाली तर फरक दुप्पट होतो. ॲल्युमिनियमच्या पाचरी टाळा, दाबाखाली तडकतात. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या, त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का हे बोट घालून तपासा, आणि पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टच्या नटाबाहेर पुरेसे आटे उरतात का तेही बघा.

दुपारी हरिहरेश्वरच्या रस्त्याला साठ, सत्तर, पूर्ण जोर देऊन पाहिलं. आरशात मागच्या टेम्पोची नंबर प्लेट वाचता येत होती. मी इतका हरखलो की बागमांडल्याच्या जेटीचं वळण चुकलो. सावित्रीची खाडी ओलांडताना मेहुण्याने फेरीवरच बुडाखाली वाकून एकदा पाहून घेतलं. केळशीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दापोली.

दापोलीत यू बोल्ट पुन्हा आवळले, प्रत्येक नट पाव फेरा फिरला. तुम्हीही पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर हे कराच. परत येताना खेड, पोलादपूर आणि आंबेनळी घाट. तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन चढलो, गाडी शांत.

पुण्याला आल्यावर मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस काढले. कपांमधलं ग्रीस लालसर भुकटी झालं होतं आणि क्रॉसच्या दांड्यांवर बेअरिंगच्या सुयांचे बारीक चर नखाला लागत होते. दोन महिन्यांच्या गुणगुणीने ते झिजले होते. दोन्ही बदलले.