वास सालीचा, चव गराची

"एवढ्या वासाचं चीज तुम्ही खाता तरी कसं? आणि आम्हाला खाऊन बघायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?" फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी पाहुण्याने हे दोन्ही प्रश्न विचारले आहेत, बहुधा फ्रिजचं दार उघडल्या उघडल्या. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

कोंते या फ्रेंच चीजपासून सुरुवात करा. आणि त्या दिवशी फक्त कोंतेच खा.

हौसेने पाच-सहा प्रकारांचं ताट मांडलं की नवख्या जिभेला 'खारट' आणि 'वास येतोय' यापलीकडे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकाच चीजचे दोन तुकडे आणा, एक आठ-दहा महिन्यांचा आणि एक 24 महिन्यांचा. दुकानात वय विचारायला संकोचू नका, इथे सगळेच विचारतात. कोवळ्या तुकड्यात ताजं लोणी आणि दुधाचा गोडवा असतो. जुन्या तुकड्यात खरपूस परतलेला कांदा, अक्रोड, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ रेंगाळणारं काहीतरी. दाताखाली बारीक कणी लागते. ते मीठ नव्हे, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत. महिनोन्‌महिने प्रथिनं सुटी होत जातात तसे ते तयार होतात. मुलुख तोच, कृती तीच. बाकीचं सगळं मुरण्याने केलेलं.

फ्रेंचमध्ये याला 'आफिनाज' म्हणतात. मला तर वाटतं, मराठीतल्या 'मुरवणं' इतका नेमका शब्द त्याला दुसरा मिळणार नाही. आपण दुधाचं दही केलं, ताक केलं, लोणी काढून तूप कढवलं, चक्का टांगला. पण दूध मुरवण्याच्या वाटेला फारसे गेलो नाही. कैरी मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या मुरवत आलो. त्यामुळे चीज समजून घेताना पिझ्झ्यावरचं पांढरं चीज विसरा आणि आजीची लोणच्याची बरणी आठवा. सुरुवातीची कृती ओळखीचीच आहे. दुधाला विरजण लावायचं, रेनेट नावाचं विकर घालून ते थिजवायचं, निवळी गळू द्यायची, मीठ लावायचं. खरं काम त्यानंतर तळघरात सुरू होतं.

कोंते फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ज्युराच्या डोंगरांत होतं. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, गुरं महिनोन्‌महिने गोठ्यात असतात, म्हणून उन्हाळ्यातल्या भरपूर दुधाची बेगमी करून ठेवायची गरज होती. पण हे चीज गाडीच्या चाकासारखं मोठं, गोल करतात, आणि 40 किलोच्या आसपासच्या अशा एका चाकाला साधारण 400 लिटर दूध लागतं. चार गायी असलेल्या घराला ते जमणार कसं? म्हणून गावातल्यांनी दूध एकत्र करून एकाच कढईत चीज करायला सुरुवात केली. या व्यवस्थेला 'फ्रुइतिएर' म्हणतात आणि तिच्या खुणा तेराव्या शतकापासून सापडतात. सहकारी संघाच्या डेअरीवर रोज किटली घेऊन गेलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आजही नियम कडक आहेत. दूध कच्चंच वापरायचं, गायींना मुरघास, म्हणजे आंबवलेला चारा, अजिबात घालायचा नाही, आणि चार महिने मुरल्याशिवाय चाक विकायचं नाही. उन्हाळ्यात गायी ताजं गवत खातात तेव्हाचं चीज पिवळंधमक असतं, हिवाळ्यात वाळल्या गवतावरचं फिकट.

एकदा तिथल्या एका तळघरात गेले होते. स्प्रूसच्या फळ्यांवर छतापर्यंत रचलेली चाकं, गारवा, ओलसर हवा आणि नाकाला किंचित झोंबणारा अमोनिया. चाकं मुरवणाऱ्या माणसाच्या हातात एक लहानसं लोखंडी अवजार होतं. त्याच्या मुठीने तो चाकावर टकटक करत कान लावत होता, अगदी कलिंगड वाजवून बघावं तसा. आत भेग असेल तर आवाज बदलतो. मग त्याने अवजाराचं टोक आत फिरवून पेन्सिलीएवढी सळी बाहेर काढली, तिचा वास घेतला, टोकाचा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला, आणि उरलेली सळी त्याच भोकात परत बसवून वरून अंगठ्याने लिंपून टाकलं. पुढचे कित्येक महिने ते चाक पुन्हा मुरायला मोकळं.

कोंते आवडलं की पुढची पायरी शेळीच्या दुधाची. लुआर नदीच्या खोऱ्यातलं सेंत-मोर द तुरेन घ्या. लांबट आकार, वर राखेचा करडा थर, आणि मधोमध राय धान्याच्या पेंढ्याची एक काडी. ताजं असताना त्याला आपल्या चक्क्याची आंबट चव असते, म्हणून मराठी माणसाला ते पटकन आवडतं. वसंतात आणि उन्हाळ्यात खा, तेव्हा शेळ्या चरायला बाहेर असतात.

मग कामांबेर. नॉर्मंडीचं, कच्च्या दुधाचं, साच्यात पळीने थरावर थर घालून केलेलं. मऊ चीज आंब्यासारखं असतं, ते पिकतं आणि त्याचा एक दिवस असतो. बाजारातल्या ज्या बाईंकडून मी चीज घेते त्या आधी विचारतात, "कधी खाणार? आज रात्री की रविवारी?" मग लाकडी डबीचं झाकण उघडून कागदावरूनच अंगठ्याने मध्यभागी हलकेच दाबतात. घट्ट लागलं तर ती डबी बाजूला ठेवतात, दुसरी बघतात, तिसरी बघतात. मी रत्नागिरीची. पेटीतला आंबा देठाशी दाबून "हा आज, हे दोन परवा" म्हणणाऱ्या माझ्या काकांची मला दर वेळी आठवण येते. कापल्यावर मध्ये खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर अजून दोन दिवस थांबायला हवं होतं. उलट अमोनियाचा भपकारा आला तर दिवस उलटून गेला. कामांबेरची पांढरी मखमली साल खातात. कोंतेची खरखरीत साल काढून टाकतात.

आता वास. आमच्या दिजाँच्या पश्चिमेला एप्वास नावाचं गाव आहे, तिथलं चीजही त्याच नावाचं. दोन महायुद्धांनंतर ते जवळपास नाहीसंच झालं होतं. 1956 मध्ये रोबेर आणि सिमोन बेर्तो या शेतकरी जोडप्याने ते पुन्हा करायला घेतलं, म्हणून आज आपल्याला खायला मिळतं. हे चीज मुरताना त्याची साल आधी मिठाच्या पाण्याने आणि नंतर द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली 'मार' ही दारू घातलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. या धुण्याने बुरशी मागे पडते आणि सालीवर नारिंगी छटेचे जिवाणू वाढतात. माणसाच्या पायांना वास येतो तोही याच कुळातल्या जिवाणूंमुळे. म्हणजे तुमचं नाक खोटं बोलत नाही. पण हा वास सालीत असतो. आतला गर मलईसारखा असतो, किंचित गोडसर, मिठाचा, चमच्याने खाण्याजोगा. घरात सुके बोंबील भाजताना येणारा वास आणि भाताबरोबर त्यांची लागणारी चव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! पहिल्यांदा साल बाजूला सारून फक्त गर पावाच्या तुकड्यावर घ्या. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तो फ्रिजमधून काढून थंडगारच खाल्ला होता. वास तेवढा आला, चव काहीच कळली नाही, आणि त्यानंतर वर्षभर मी त्याला हात लावला नाही. ते वर्ष वाया गेल्याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून चीज खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. एवढी एक गोष्ट पाळलीत तरी फरक कळेल.

रोकफोर सर्वांत शेवटी. लाकोन जातीच्या मेंढ्यांचं दूध, दक्षिण फ्रान्समधल्या कोंबालू डोंगरातल्या गुहा, आणि खडकाच्या भेगांतून येणारी ओलसर वाऱ्याची झुळूक, ज्यात निळी बुरशी सुखाने वाढते. 1925 मध्ये खास कायदा करून या नावाला संरक्षण मिळालं. फ्रान्समधलं असं ते पहिलंच चीज. चव तिखट आणि खारट असते. आधी थोडं लोण्यात कालवून पावाला लावा, बरोबर पिकलेलं नासपती आणि अक्रोड. वाइन हवीच असं नाही.

शाकाहारी मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पारंपरिक फ्रेंच चीजमधलं रेनेट दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेलं असतं. वेष्टनावर 'प्रेझ्यूर' लिहिलेलं असेल तर ते प्राण्याचंच समजा. माझ्याकडे शाकाहारी पाहुणे आले की मी हे वाढण्याआधी सांगते, मग खायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आणि गरोदर बाईला कच्च्या दुधाचं मऊ चीज मी कधीच देत नाही. इथले डॉक्टरही तेच सांगतात.

ताटात चीज येतं ते मुख्य जेवणानंतर आणि गोडाच्या आधी. कापताना टोकाचा मऊ भाग एकट्याने उचलायचा नाही. प्रत्येकाच्या वाट्याला साल आणि गर दोन्ही यावं, असं लांबट कापायचं. हे इथे फार मनावर घेतात, आणि मला ते बरोबर वाटतं. उरलेलं चीज दुकानातल्या कागदातच गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते गुदमरतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आत्या महिनाभर राहून गेली. पहिल्या दिवशी तिने पदर नाकाला लावला होता. मी तांदळाच्या भाकरीबरोबर जुन्या कोंतेची पातळ चकती दिली, ती तिने सावकाश, डोळे मिटून चघळली. परवा फोनवर मी नवा तुकडा आणल्याचं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न होता, "किती महिन्यांचा गं?"