पूर्णा जंक्शनवरचे जुने रूळ
आज कॅमेरा घेऊन परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनला गेलो होतो. १९०० च्या सुमारास निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद लाइन झाली ती मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, नव्वदच्या दशकात आपल्याकडं ब्रॉडगेज (रुंद रूळ) आलं अन् जुनं सामान बघता बघता भंगारात गेलं. तरी कुंपणाला खांब म्हणून रोवलेले जुने रूळ दिसले, एकावरचा गंज हातानं पुसला, वर खडू घासला तर एन.जी.एस.आर. अशी अक्षरं उठली, लय भारी वाटलं राव! निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे, म्हणजे निजामाच्या रेल्वेचीच ती. तिरप्या उन्हात फोटो काढले, जवळून अन् लांबून पण, म्हणजे जागा कळावी. आता विजेच्या तारा, नवे प्लॅटफॉर्म होतायत, व्हायलाच पाहिजेत, पण मोडायच्या आधी फोटो तरी निघू द्या. कुणाच्या घरी मीटरगेजचे फोटो असतील तर मागं स्टेशन अन् साल लिहून स्कॅन करून पाठवा.