२७० हात लांब, १८७ हात रुंद

मी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाइड आहे. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, मराठी, त्यामुळे महाराष्ट्रातून येणारे गट बरेचदा माझ्याकडे सोपवतात. त्यांची बस उरवाई दरवाजाने चढते, मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर बघते आणि त्याच वाटेने उतरते. पूर्वेची जुनी वाट पायी उतरायची. जुन्या कोरीव शून्यासाठी प्रसिद्ध असलेलं चतुर्भुज मंदिर त्या वाटेवर आहे, म्हणून बहुतेकांचं ते राहूनच जातं. मला ते सहन होत नाही. जमेल तेव्हा मी टूर मॅनेजरकडे हट्ट धरते की बस खाली ग्वाल्हेर गेटला पाठवा, आम्ही चालत येतो.

त्या दिवशी हट्ट चालला. गट पुरंदर तालुक्यातला. वर सगळ्यांना महादजी हवे होते. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रज अधिकारी पॉफमच्या फौजेने शिड्या लावून किल्ला घेतला, १७८२ मध्ये इथून जवळच सालबाईला इंग्रज-मराठ्यांचा तह झाला, पुढे महादजींनी किल्ला परत मिळवला. काकालोक अगदी रंगून ऐकत होते.

हाथी पोल हा दरवाजा ओलांडून उतरू लागलो, लक्ष्मण पोलजवळ आलो. चतुर्भुज मंदिर एकाच कातळात कोरलेलं, चिमुकलं. पोरांनी लगेच मोबाइल काढले, “शून्य कुठाय?” मी भिंतीवरच्या लेखातला २७० दाखवला, मग ५०. दोन्हींतलं शून्य बाकीच्या अंकांपेक्षा जरा लहान, गोल. जगातलं पहिलं शून्य असं मी कधीच सांगत नाही, कारण कंबोडियात इसवी सन ६८३ चा लेख सापडलाय. पण इथल्या लेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, असं स्वच्छ कोरलंय आणि त्याचं मोल मला कमी वाटत नाही.

फोटो झाले, पोरं बाहेर पडली. एक मावशी मात्र हलेनात. “आकडे कशाचे हायेत पण, ताई?”

मी सांगितलं. गावाने फुलबागेसाठी जमीन दिली, २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या.

“हात म्हंजी कोपरापासून?” त्यांनी स्वतःचा हात पुढे धरला. दीड फूट धरू म्हणाल्या. मुलाला बाहेरून परत बोलावलं, मोबाइलवर गुणाकार करायला लावला. साधारण ४०५ फूट बाय २८० फूट. “अडीच एकराच्या वर झालं की!” त्यांचं स्वतःचं शेत जवळपास तेवढंच. झेंडू आणि शेवंती. पहाटे तोडा करून माल गुलटेकडीला जातो.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि मी गाइडची ऐकणारी झाले. पाणी कुठलं? तोडायला बायका किती? रोज म्हंजी सुतकातही? आषाढात फूल कुजतं, तेव्हा काय करत असतील? पन्नास माळा एक दिवस देणं सोपं, वर्षभर देणं म्हंजी बाग पाळीपाळीनं लावली पाहिजे, एक वाफा संपतो तोवर दुसरा फुलला पाहिजे, हे त्या मला बोटांवर मोजून दाखवत होत्या. इतकी वर्षं हा लेख मी लोकांना दाखवतेय, पण ती बाग माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती त्या दिवशी.

मी सांगितलं की तेव्हा झेंडू नव्हता. निशिगंध, गलांडा हेही नाहीत, ही सगळी झाडं अमेरिका खंडातून फार पुढे आली. मावशी गप्पच झाल्या. “झेंडूबिगर हार? मग जाई, जुई, कण्हेर. चाफा. तळं असंल तर कमळ. लई नाजूक माल, दुपारपर्यंत टिकायचा नाही.”

हे मंदिर बांधवणारा अल्ल, प्रतिहार राजा भोजाचा गोपगिरीवरचा, म्हणजे याच डोंगरावरचा, किल्लेदार. त्याचा बाप वाइल्लभट्ट त्याआधीच्या राजाकडे राज्याच्या सीमा सांभाळणारा अधिकारी. सरहद्दीवर आयुष्य काढलेलं घराणं, आणि त्यांच्या किल्ल्यातल्या देवळाच्या भिंतीवर कोरलंय काय, तर फुलं आणि दिव्याचं तेल. तेल तेल्यांनी द्यायचं, माळा माळ्यांनी. किल्ला नुसत्या तटबंदीने राहत नाही, त्यात रोज पहाटे उठणारी माणसं लागतात, आणि त्या माणसांचा इतका तपशीलवार पत्ता या डोंगरावर दुसरीकडे मला मिळत नाही. म्हणून त्या अक्षरांवरून कुणी बोट फिरवलं की मी कळकळीने हात धरते. घामाने, घासण्याने दगड झिजतो.

मावशींची एक शंका उरलीच होती. “एवढ्याशा देवळाला पन्नास माळा जास्तीच होत्यात.”

लेखात नवदुर्गेच्या देवळाचंही नाव आहे, मी म्हटलं.

“मग बराबर,” त्या म्हणाल्या. “दोन देवळांना तेवढ्या लागत्यातच.”