निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आला तेव्हा

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या ट्यूबमध्ये कोट्यवधी कॉपी करायची पद्धत. तिची थिअरी मला बीएस्सीपासून तोंडपाठ होती. 95 डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटे होतात, 55 च्या आसपास प्रायमर (कुठला तुकडा कॉपी करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) चिकटतात, 72 ला टॅक एन्झाइम नवीन धागा बांधतं, परत पहिल्यापासून. परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय. पण पीसीआर म्हणजे नक्की काय ते कळलं एमएस्सीच्या प्रोजेक्टला, एका अशा ट्यूबमुळे जिच्यात काहीच दिसायला नको होतं.

प्रोजेक्ट मिठागरातल्या बॅक्टेरियांवर होता. उन्हाळ्यात गोव्यात पेडण्याच्या आगरवाडोला बांधावर उभं राहून बघा, मीठ पडायला आलेल्या वाफ्यांतलं पाणी कधीकधी गुलाबीसर दिसतं, तो रंग त्यातल्या जिवांचा. लोणच्यात आपण मीठ घालतो ते जंतू वाढू नयेत म्हणून आणि हे तर त्या मिठातच वाढतात, मला अजूनही याचं नवल वाटतं. त्यांच्यासाठी मीडियात, म्हणजे त्यांना वाढवायच्या खाद्यात, 20 टक्के मीठ घातलं. प्लेट्स प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवाव्या लागतात, नाहीतर मीडिया घट्ट करणारा अगर सुकतो आणि वर मिठाचे खडे धरतात, नवख्या माणसाला ते कॉलनीच, म्हणजे बॅक्टेरियांचे ठिपकेच, वाटतात. खऱ्या कॉलनी दिसायला आठवडा उलटून गेला, टाचणीच्या टोकाएवढ्या, नारिंगी.

मग डीएनए काढून 16एस जीनचा (बॅक्टेरिया ओळखायला तो वापरतात) पीसीआर लावला आणि जेल रन केली, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेच्या जोरावर जेलमधून लांबीप्रमाणे वेगळे केले. डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून तो लाल, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाकडे सरकतो, निळा डाय पुढे पुढे जाताना मी नुसती बघत बसले होते. यूव्हीखाली सगळ्या सॅम्पलमध्ये 1500 बेसपेअरला (डीएनएची लांबी यात मोजतात) छान बँड, म्हणजे डीएनएची चमकती पट्टी. आणि शेवटच्या लेनमध्येही तसाच बँड, तिथे मी डीएनएऐवजी फक्त पाणी घातलं होतं, तोच निगेटिव्ह कंट्रोल.

म्हणजे सगळंच वाया. सॅम्पलमधला बँड मिठागरातल्या बॅक्टेरियाचा की आणखी कशाचा हे आता कोण सांगणार?

घरी आईला सांगितलं तर ती दूध विरजत होती, म्हणाली, ‘अगो, थेंबभर विरजणानं अख्खं पातेलं लागतं, तसंच काहीतरी पडलं असणार.’ अगदी तेच होतं. दर सायकलला कॉपी दुप्पट होतात, 30 सायकल म्हणजे कागदावर एका रेणूचे 107 कोटी. ज्या ताकदीमुळे आपण इवल्याशा सॅम्पलमधून जीन शोधतो तीच ताकद चुकून पडलेल्या कणालाही मिळते, मशीनला आपलं-परकं कळत नाही. त्यात 16एस जीन सगळ्याच बॅक्टेरियात, म्हणजे हात, हवा, पाणी कुठूनही येऊ शकतो. टॅक एन्झाइमसुद्धा बहुतेक वेळा ई. कोलाय या बॅक्टेरियात तयार करतात, त्यात त्या बॅक्टेरियाचा डीएनए थोडा उरू शकतो.

तीन आठवडे शोधत होते. आधी पाणी बदललं, मग प्रायमर, मग बफर, मग एन्झाइम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम सरांनी घालून दिला होता आणि तो मोडायचा मोह रोज व्हायचा कारण पीसीआर आणि जेल मिळून अर्धा दिवस जातो, पावसाळ्यात मध्येच वीज गेली की तेही नाही. शेवटी सापडलं, पिपेट, थेंब मोजून घ्यायचं साधन. डीएनए काढायला आणि मास्टर मिक्स (पाणी, प्रायमर, बफर, एन्झाइम यांचं मिश्रण) करायला मी एकच पिपेट वापरत होते. दुसऱ्या खोलीत, वेगळं पिपेट, फिल्टर टिप्स, पाण्याच्या छोट्या छोट्या ट्यूब करून, लावलं आणि शेवटची लेन काळीकुट्ट आली. एवढा आनंद मला सॅम्पलच्या बँडचाही झाला नव्हता.

अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिसला पीसीआरची कल्पना 1983 मध्ये सुचली, 1993 ला नोबेल मिळालं. पण सुरुवातीला दर सायकलला गरम केलं की एन्झाइम मरायचं, परत नवीन घालावं लागायचं. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या थर्मस अक्वाटिकस या बॅक्टेरियाचं उष्णता सोसणारं एन्झाइम, म्हणजेच टॅक, आल्यावर ते थांबलं. गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियाच्या जिवावर मी आगरवाडोच्या खाऱ्या वाफ्यातला बॅक्टेरिया ओळखत होते, हे डोक्यात आलं तेव्हा हातातली ट्यूब बाजूला ठेवून थोडा वेळ शांत बसले.

आता ज्युनिअर्सना शिकवताना मी आधी पाण्याची ट्यूब लावायला सांगते, सॅम्पल मागाहून. मीठ पडायला लागलं की परत आगरवाडोला जायचंय, या वेळी वाफ्याच्या तळातला चिखलही आणायचा विचार आहे.